दुसरे घर आणि कामगाराची पुंजी



भाड्याने देण्यासाठी घर विकत घ्यावे की नाही, हा प्रश्न एके काळी पैसेवाल्यांचा होता. आज तो कामगारांच्या घरात शिरला आहे. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती आलेला कामगार युनियनच्या कचेरीत येतो आणि विचारतो, "भाऊ, फंडाचे पैसे घालून दुसरा फ्लॅट घेऊ का? भाडे येत राहील." मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. पण मला त्रैराशिक येते आणि या प्रश्नाला तेवढे पुरते.

समजा, घर ६० लाखांचे आहे आणि भाडे महिना १५ हजार येते. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार, म्हणजे शेकडा तीन. त्यातून सोसायटीचा मासिक खर्च, घरपट्टी, रंगरंगोटी आणि भाडेकरूवाचून जाणारा एखादा महिना वजा करा. ६० हजार सहज जातात; उरले शेकडा दोन. आता यातले ४० लाख कर्जाऊ असतील आणि व्याज शेकडा आठ धरले, तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याज ३ लाख २० हजारांच्या आसपास होते. सारे भाडे त्यात घालूनही दोन लाख पदरचे भरावे लागतात. मुद्दल वेगळेच!

मग लोक घेतात कशासाठी? किंमत वाढेल म्हणून. मेख आहे ती येथेच. किंमत पुढच्या गिऱ्हाइकाच्या आशेवर चढू शकते. भाडे मात्र राहणाऱ्याच्या पगारातूनच यावे लागते. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास. ज्या शहरात लाखो माणसे झोपडपट्टीत राहतात, त्याच शहरात ही कुलपे!

कोणी म्हणेल, ही कुलपे भाडेकरूच्या भयाने लागतात. त्या भयाला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. त्यामुळे गिरणी कामगाराचे बिऱ्हाड टिकले, हे मी कधीही विसरणार नाही. पण त्या भाड्यात चाळींची डागडुजी होईना आणि पागडीचे चोरटे व्यवहार बोकाळले. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला व तो २००० साली अमलात आला. त्याचे सांगणे सरळ आहे: करार लेखी करा आणि नोंदवा. नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची. ती त्याने टाळली, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरविण्याचा भार मालकावर. उलट, मुदतीच्या परवान्यावर राहणाऱ्याने मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर त्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. कागद चोख असेल, तर दोघांनाही आधार आहे.

म्हणून विचारणाऱ्याला माझे उत्तर असे: राहत्या घराचे कर्ज फिटले असेल, आजारपणाची व मुलांच्या शिक्षणाची तरतूद बाजूला असेल आणि दुसरे घर कर्जावाचून घेता येत असेल, तर खुशाल घ्या. किंमत वाढेल या आशेवर फंड आणि कर्ज दोन्ही लावू नका.

आणि घेतलेत, तर एक ओळखून असा. तुमच्या दारात जागा विचारायला येणारा माणूस पुष्कळदा तुमच्याच कारखान्यातला कंत्राटी कामगार असतो. त्याला जात-धर्म विचारू नका, भाड्याची पावती द्या, अनामत वेळेवर परत करा, गळणारे छप्पर पावसाळ्यापूर्वी नीट करून घ्या. फाटकावर त्याच्या पगारवाढीची सभा असेल, तेव्हा कायम कामगार म्हणून दूर उभे राहू नका. त्याच्याच पगारातून तुमचे भाडे यावयाचे आहे.