रक्तातील आकडा आणि कागदावरील निदान

(भाषणाचे शब्दांकन)



हिशेबाच्या वहीत एका खात्याकडे प्रत्येक जाणता मुनीम संशयाने पाहतो. ते म्हणजे उचंत खाते. रक्कम आली, पण कोणाकडून आणि कशापोटी हे उमगले नाही, तर ती तात्पुरती तिथे मांडावयाची. तिथे मांडणे ही चूक नव्हे. वर्षअखेरीस ताळेबंद करतानाही ती तिथेच पडून राहिली, तर मात्र जाब द्यावा लागतो. वैद्यकाच्या चोपडीतही असेच एक उचंत खाते आहे. त्याचा क्रमांक आर ७४.८.

जठराच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड अन्नपचनासाठी पाचकद्रव्ये निर्माण करते. अमायलेज पिष्टमय पदार्थांवर काम करते, लायपेज स्निग्ध पदार्थांवर. स्वादुपिंडास सूज आली की ही द्रव्ये रक्तात अधिक प्रमाणात उतरतात आणि तपासणीच्या कागदावर आकडा फुगलेला दिसतो. परंतु आकडा म्हणजे आजार नव्हे. गालगुंड झाले तरी अमायलेज वाढते, मूत्रपिंडे मंदावली तरी वाढते. म्हणून वैद्यकशास्त्राने कसोटी ठरविली आहे. पोटाच्या वरच्या भागात विशिष्ट प्रकारची तीव्र वेदना, पाचकद्रव्याचे प्रमाण कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. यांत दिसणारी सूज, या तिहींपैकी दोन गोष्टी जुळल्या तरच तीव्र स्वादुपिंडदाह म्हणावयाचा.

आता हे क्रमांक आले कोठून? फ्रान्सचे संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक यादी सिद्ध केली. पुढे १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ती सांभाळली. तिची दहावी आवृत्ती, आयसीडी-१०, आपल्याकडील रुग्णालयांच्या व विम्याच्या कागदांवर आढळते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली तरी दहावीचा वापर सरलेला नाही. व्यापारी बांधवांना हे नवे वाटू नये. ५२०८ म्हटले की सुती कापडाचा एक वर्ग कळतो आणि त्यावरून कर ठरतो. तसेच येथे क्रमांकावरून आजाराचा वर्ग कळतो आणि त्यावरून दाव्याचा विचार होतो.

आर ७४.८ याचा अर्थ इतकाच की, रक्तातील काही पाचकद्रव्यांचे प्रमाण असाधारण आहे, कारण अद्याप ठरलेले नाही. निदान निश्चित झाले की नोंद के ८५ या घरात जावयास हवी. त्या घरातही खोल्या आहेत. पित्ताशयातील खड्यामुळे असेल तर के ८५.१, मद्यामुळे असेल तर के ८५.२, औषधामुळे असेल तर के ८५.३. एका दशांशाचा हा फरक. पण घराची झोप उडविण्यास तेवढा पुरेसा आहे.

ते कसे, हे पाहावे. विमा नियामकाच्या विहित दावा-अर्जात रुग्णालयाने भरावयाच्या भागात निदानाबरोबर आयसीडी-१० चा क्रमांक मागितलेला असतो. केवळ तपासणीसाठी दाखल होण्याचा खर्च सर्वसाधारण पॉलिसीत वगळलेला असतो. त्यामुळे रुग्ण खरोखर स्वादुपिंडदाहाने तळमळत असूनही घरी पाठवतानाच्या कागदावर ‘लायपेज वाढलेले’ एवढेच लिहिले गेले, तर प्रश्न उभा राहतो. व्यसनाचे परिणामही त्याचप्रमाणे वगळलेले असतात. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या मद्याला स्पर्श नाही, तेथील गृहस्थाला खड्यामुळे सूज आली आणि लिहिणाऱ्याच्या घाईत .१ ऐवजी .२ पडला, तर दावा अडेलच; शिवाय तो कागद पाहणारे नातेवाईक काय समजतील, याचा विचार करावा. पैसा पुढे-मागे मिळेल, पण अशा कुजबुजीची भरपाई कोणती पॉलिसी देते?

मात्र दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या समाजात कोणी घेतच नाही, असे मानणे भाबडेपणाचे आहे. घेत असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. खरे कारण न कळल्यास उपचारच चुकीच्या वाटेने जाईल. आणि खरा क्रमांक बदलून द्या असा आग्रह डॉक्टरांकडे धरणे, हा सत्य आणि अचौर्य या दोन्ही अणुव्रतांचा भंग होय.

दिव्याच्या रहिवाशांची अडचण थोडी निराळी आहे. रक्त तपासले जाते दिवा स्थानकाजवळ, सोनोग्राफी डोंबिवलीत होते आणि रुग्ण दाखल होतो कळव्यास वा ठाण्यास. प्रत्येक प्रयोगशाळेची कमाल मर्यादा वेगळी. एकीची ६० असेल तर तिप्पट म्हणजे १८०. दुसरीची १६० असेल तर तोच १८० चा आकडा जेमतेम वाढलेला ठरतो. म्हणून नुसता आकडा चिठ्ठीवर उतरवून नेऊ नये. मर्यादा, तारीख आणि वेळ छापलेला मूळ अहवालच न्यावा. वेळेचे महत्त्व असे की, अमायलेज तीन ते पाच दिवसांत पूर्ववत होते, लायपेज मात्र आठ ते चौदा दिवस वाढलेले राहू शकते. दोन दिवस घरगुती चूर्णावर काढून तिसऱ्या-चौथ्या दिवशी तपासणी केली तर अमायलेज नेमके साधारण येते, आणि मग ‘काहीच नाही’ असा गैरसमज होतो. वेदना केव्हा सुरू झाली, चालू औषधे कोणती, अठ्ठाई किंवा अन्य दीर्घ उपवास झाला होता काय, हे सर्व दाखल होतानाच सांगून लिहून घ्यावे. नंतर आठवून सांगितलेले विमा कंपनीला पटत नाही.

रुग्णालयातून निघताना बिलाची बेरीज तपासणारे पुष्कळ असतात, निदानाची ओळ वाचणारे विरळा. ती ओळ वाचावी. आजाराचे नाव, कारण आणि क्रमांक हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. खरोखर चूक असेल तर त्यांच्याकडून सही-तारखेसह दुरुस्ती करून घ्यावी. स्वतः खाडाखोड करू नये. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि मागणी केल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ही मागणी लेखी करावी, पोच घ्यावी आणि ती पोच पॉलिसीच्या त्याच फायलीत लावून ठेवावी.