शीर्षकाचे अक्षर आणि सूचनेचे अक्षर
(इंदूर येथे मराठी भाषकांच्या सभेत केलेले भाषण)



ज्या इंदूर नगरीने १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद भूषविले, तेथे मराठी अक्षराविषयी बोलावयास मिळणे हा मी बहुमान समजतो.

जुन्या वळणाची डौलदार शीर्षक-अक्षरे आज संगणकावर विपुल मिळतात. रोमन लिपीत अशा अक्षरांच्या रेघांना टोकाशी लहान पाय असतात. त्यांस सेरिफ म्हणतात. जाड आणि अतिबारीक रेघांचा मेळ हे त्यांचे सौंदर्य होय. इटलीतील बोडोनी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे वळण लोकप्रिय केले. देवनागरीत हा डौल बोरूच्या तिरप्या टोकातून आला. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या खिळ्यांची सुबकता आजही वाखाणली जाते.

असे अक्षर पुस्तकाचे मुखपृष्ठ, निमंत्रणपत्रिका, नाटकाची जाहिरात आणि स्मृतिफलक यांवर शोभते. कमल शेडगे यांनी नाटकांची नावे अशी रेखाटली, की अक्षर पाहताच विषयाची चाहूल लागावी. परंतु शीर्षकाचे काम हाक मारण्याचे आहे, माहिती सांगण्याचे नव्हे. हेच अक्षर लहान करून सगळा मजकूर छापला, तर बारीक रेघा झेरॉक्समध्ये उडतात आणि वाचक अडखळतो.

याहून गंभीर बाब अशी, की पुष्कळ शोभिवंत अक्षरसंचांत मराठीची सर्व चिन्हे नसतात. 'ऱ्य' नसल्यास 'शेतकऱ्यांना' हा शब्दच मोडतो. आचाऱ्यांना द्यावयाचा निरोप आचार्यांना गेल्यास हसून सोडता येईल; परंतु अनुदानाच्या सूचनेत अर्थ बदलल्यास नुकसान गरिबाचे होते. 'ख' खाली जोडलेला नसला, तर 'दवाखाना' हा 'दवारवाना' वाचला जातो. हिंदी वळणाचे ल आणि श मराठी मुलांना परके वाटतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाणित वर्णमाला निश्चित केली, तिचा हेतूही अक्षरांत एकवाक्यता यावी हाच होता.

म्हणून माझी विनंती आहे. शीर्षक हौसेने सजवावे. मात्र तारीख, स्थळ, रक्कम आणि अर्जाची मुदत साध्या, ठसठशीत अक्षरांत द्यावी. अक्षरसंच निवडण्यापूर्वी त्यात 'ऱ्य', 'ख', 'ळ', 'ल', 'श' आणि सर्व अंक छापून पाहावेत. भित्तिपत्रकाचा पहिला नमुना एखाद्या वृद्ध ग्रामस्थास दहा पावलांवरून वाचावयास द्यावा. शिक्षकांनी हा प्रयोग शाळेच्या फलकावर विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. ज्याच्यासाठी सूचना आहे त्याला ती कोणाच्या मदतीवाचून वाचता आली, म्हणजे प्रसिद्धीचे कार्य सफल झाले असे आपण मानू.