रकाना कोणता ठेवायचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी प्रबोधन सत्रात झालेले भाषण)



समितीने आम्हाला 'नवे तंत्रज्ञान आणि आपला समाज' असा विषय दिला आहे. विषय एवढा मोठा की दोन दिवस बोललं तरी पुरा व्हायचा नाही. म्हणून आम्ही आमच्यापुरती हद्द आखून घेतली आहे. आपल्या विहारासाठी जे मोबाइल ॲप तयार होत आहे, त्याविषयीच बोलायचं. आम्ही म्हणजे याच विहारात लहानपणी वंदना पाठ केलेली आणि आज पोटापाण्यासाठी संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी चार-पाच मुलं-मुली. रविवारी वंदना झाली की मागच्या खोलीत बसून आम्ही हे काम करतो.

आता कोणी म्हणेल, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे की, ॲप कशाला? ग्रुप आहे, खरं आहे. पण पहाटेपासून तिथे शुभ सकाळच्या फुलांची रांग लागते, आणि वर्षावासातल्या प्रवचनाची सूचना दुपारपर्यंत वाहून जाते. शिष्यवृत्तीची माहिती मुदत संपल्यावर सापडते. रक्त लागलं तर कोणाचा गट कोणता, हे ऐन वेळी शोधत बसावं लागतं. शिवाय आणखी एक कारण आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. म्हणून त्यांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत', अशी आपली साधनं पुन्हा पुन्हा उभी केली. दुसऱ्याच्या ओट्यावर आपली सभा किती दिवस भरणार? ऑर्कुट नावाचा असाच एक ओटा २००४ साली निघाला होता. लाखो माणसं तिथे जमत होती. ३० सप्टेंबर २०१४ रोजी मालकाने दुकान बंद केलं आणि सगळ्यांना उठावं लागलं.

तर ॲप करायचं ठरलं आणि आम्ही लोकांना विचारलं, त्यात काय काय हवं? कार्यक्रम, ग्रंथालयाची यादी, रक्तदाते, शिष्यवृत्त्या हे सगळं आलंच. पण सर्वांत जास्त मागणी आली ती वधू-वर परिचयाची. ती रास्तच आहे. मुलं शिकली, नोकरीनिमित्त कुठे कुठे गेली, आईबापांच्या ओळखी तोकड्या पडतात. नमुना म्हणून लोकांनी आम्हाला जुने छापील अर्ज आणून दिले. त्यात नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, उंची, मामाचं आडनाव, मूळ गाव आणि पुढे एक रकाना होता, 'पूर्वाश्रमीची जात/पोटजात'. दोन-तीन अर्जांत तर रास आणि मंगळही होता. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मंगळ कुठून शिरला, हे त्या मंगळालाच ठाऊक!

मंगळ काढायला कोणाची हरकत नव्हती. भांडण लागलं ते पोटजातीच्या रकान्यावर, आणि आज आम्ही तुमच्यापुढे उभे आहोत ते त्याच्याचसाठी.

रकान्यात एवढं काय आहे, असं वाटेल. म्हणून तो काय करतो ते सांगतो. ॲपच्या पोटात माहितीचा एक तक्ता असतो, शाळेच्या हजेरीपटासारखा. आडव्या ओळी माणसांच्या, उभे रकाने माहितीचे. रकाना ठेवला की तो भरणं सक्तीचं करता येतं. मग त्यावर शोध घेता येतो, आणि त्याच्यावरून यादीचा क्रमही लावता येतो. यातली शोधाची गोष्ट सर्वांत जहरी. चाळणी लावावी तसं बोटाने एकदा टिचकी मारली की नको असलेली माणसं पडद्यावरून नाहीशी होतात. ती मुलगी डॉक्टर आहे की शिक्षिका, तिला वाचनाची आवड आहे का, तिचे आईबाप कसे आहेत, यातलं काही डोळ्यांपुढे येतच नाही. आणि आपल्याला कोणी वगळलं हे तिला कधी कळत नाही.

आमच्या एका मावशींनी आम्हाला विचारलं, "अरे पोरांनो, तुम्ही रकाना काढलात तरी लोक फोन करून विचारणारच. मग उपयोग काय?" प्रश्न अनुभवाचा आहे, तो उडवून लावण्यासारखा नाही. साडेबारा पोटजातींचा हिशेब आणि कोकणातले, घाटावरचे, वऱ्हाडातले हा भेद आपल्या घरांतून अजून गेलेला नाही, हे आपण सगळेच जाणतो. पण मावशी, फोनवर विचारताना काय होतं बघा. समोर माणूस असतं. मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. विचारणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो, "तसं आम्ही मानत नाही, पण घरच्यांसाठी विचारतोय" असं काहीतरी तो म्हणतो. म्हणजे त्याला लाज वाटते. आणि समोरच्याला "आम्ही बौद्ध आहोत, एवढंच" असं ठणकावून सांगायची संधी मिळते. ॲपमधला रकाना ही लाजच काढून टाकतो. टिचकी मारताना कोणी बघत नाही, काही बोलावं लागत नाही. लोकांना आम्ही रोखू शकत नाही, ते खरंच. पण त्यांची लाज आमच्या हातांनी का काढून घ्यायची?

आमच्या धंद्यात एक वाक्य फार चालतं: आम्ही फक्त साधन बनवतो, ते कसं वापरायचं हे लोकांनी ठरवावं. ते आम्हाला पटत नाही. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरत होती. मारणारे हात माणसांचेच होते, त्यांचा गुन्हा यंत्रावर ढकलता येणार नाही. पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचं जाहीर केलं, आणि फोटो-व्हिडिओच्या शेजारचं झटपट पुढे पाठवण्याचं बटण काढून टाकलं. कोणत्या तरी कचेरीत बसलेल्या आमच्यासारख्याच कोणीतरी ते बटण आधी ठेवलं होतं, आणि आमच्यासारख्याच कोणीतरी ते काढलं. कालाम लोकांना तथागतांनी सांगितलं होतं की कानावर आलं, परंपरेने चालत आलं, एवढ्यावरून काही खरं मानू नका. ते माणसाला सांगितलेलं आहे. पण विचार करायला जी क्षणभराची उसंत लागते, ती बटण ठेवणाराच काढून घेत असेल तर?

आता एक चतुर आक्षेप. आमच्यातल्याच एका मित्राने तो घेतला. तो म्हणाला, २०२७ च्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला, आपली माणसं त्याचं स्वागत करतात, मग ॲपमध्ये जात का नको? शाळेच्या दाखल्यावर, जातपडताळणीच्या अर्जावर आपण लिहितोच ना? लिहितो, आणि लिहिलंच पाहिजे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राकडूनही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, त्यासाठी आधीच्या पिढीने किती वर्षं झगडा दिला! तिथला रकाना अन्याय मोजण्यासाठी आहे. कोणाला किती मिळालं, कोण मागे राहिलं, हे मोजल्याशिवाय हक्क मागता येत नाही. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याने एकेका माणसाची माहिती गुप्त ठेवायची असते. बाहेर येते ती बेरीज. आपल्या ॲपमधला रकाना बेरजेसाठी नाही. तो एकेक माणूस निवडून बाजूला काढण्यासाठी आहे. दोन्हीकडे शब्द तोच, काम उलटं.

शिवाय माहिती साठवली की ती कोणाच्या हाती जाईल याची हमी आम्हीसुद्धा देऊ शकत नाही. याबद्दल युरोपातला एक दाखला द्यायचा आहे. हॉलंडमध्ये नागरिकांची नोंद फार व्यवस्थित होत असे. नाव, पत्ता आणि धर्मसुद्धा. वाईट हेतू काही नव्हता, कारभार चोख होता इतकंच. १९४० साली हिटलरचं सैन्य तिथे आलं आणि त्याला या तयार नोंदी मिळाल्या. देशात सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यू होते, त्यांतले एक लाखाहून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ रोजी तिथल्या काही देशभक्तांनी ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालयच पेटवून दिलं, कार्डं जळावीत म्हणून. सगळी जळली नाहीत. हा प्रकार वाचल्यापासून आम्ही कोणताही रकाना वाढवताना आधी विचारतो, की ही माहिती आपल्याला कशाला हवी? जी गोळाच केली नाही ती चोरीला जात नाही. पत्ता नको, गाव पुरे. फोन नंबर सर्वांना दिसायला नको. रक्तदात्याचा रक्तगट हवा, त्याचा पगार कशाला?

एवढ्यावर भागतं असं मात्र समजू नका. रकाना पुढच्या दाराने काढला तर जात मागच्या दाराने येते. आडनावातून येते, मूळ गावातून येते, मामाच्या आडनावातून येते. आणि हल्लीची ॲपं वापरणाऱ्याच्या सवयींवरून शिकतात. कोणती स्थळं उघडली, कोणती सरकवून टाकली, हे बघून पुढची स्थळं सुचवतात. समजा शंभर जणांनी ठराविक आडनावांचीच स्थळं उघडली. मग एकशेएकाव्यालाही यंत्र तशीच स्थळं पुढे करेल. त्या यंत्राला जात हा शब्दही माहीत नसतो! बिचारं आपल्याकडे बघून शिकतं. अलीकडे ज्याचा एवढा बोलबाला आहे ती कृत्रिम बुद्धिमत्ताही माणसांनी आजवर जे लिहून ठेवलं त्यातूनच शिकते. म्हणून आमच्या ॲपमध्ये स्थळ सुचवणारं यंत्र बसवायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

मग यादी लावायची कोणत्या क्रमाने? इथे आम्हाला उपाली आठवला. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय वगैरे शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली बरोबर होता. कुमारांनीच भगवंतांना विनंती केली की याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. संघात ज्येष्ठता जन्मावर नव्हती, दीक्षा कोणी आधी घेतली यावर होती. नुसत्या क्रमाने केवढं काम केलं! पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगितला तो याच उपालीने. आमच्या यादीत जो अर्ज आधी येईल तो आधी दिसेल. पगारावर नाही, उंची-रंगावर नाही. रंगाचा रकानाही आम्ही ठेवलेला नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

बाकी किरकोळ गोष्टी आहेत. कोणाला किती 'लाइक' मिळाले ते दिसणार नाही. खाली सरकवत गेलं तर यादी कुठेतरी संपेल, कारण तृष्णा वाढवायचा कारखाना आपल्याला उघडायचा नाही. कार्यक्रमाची वेळ बघावी, फोन खिशात ठेवावा आणि विहारात यावं.

पण हे सगळं आम्ही चार-पाच जणांनी बंद खोलीत ठरवावं, हेही बरोबर नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी आवर्जून सांगितलं होतं की संसदेची कामकाजपद्धती भारताला नवी नव्हती; भिक्खू संघात बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, सगळ्याचे नियम होते. विनयात महत्त्वाच्या कामाचा प्रस्ताव आधी संघापुढे ठेवत आणि मग तीनदा पुकारत. संमती असेल त्याने गप्प राहावं, नसेल त्याने बोलावं. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मत घेत.

म्हणून आम्ही समितीला विनंती केली आणि ती मान्य झाली आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर तीन ठराव याच सभागृहात मांडले जातील. पहिला, वधू-वर परिचयात जात-पोटजातीचा रकाना असू नये. दुसरा, सभासदाने सांगितलं की त्याची माहिती आठ दिवसांत कायमची पुसली जावी. तिसरा आडनावाचा आहे, आणि त्यावर आमच्यातच एकमत नाही. काहींचं म्हणणं, आडनाव गाळून स्वतःचं नाव, आईचं नाव आणि वडिलांचं नाव एवढंच घ्यावं. काहींना वाटतं, आडनाव आपल्या आजोबा-पणजोबांनी सांभाळलेलं आहे, ते लपवायचं कशाला. लाज वाटायचीच तर विचारणाऱ्याला वाटू दे. दोन्ही बाजू तुमच्यापुढे मांडू. ठराव तीनदा वाचले जातील. विरोध असणाऱ्यांनी जरूर बोलावं, विशेषतः ज्यांच्या घरात लग्नाची मुलं-मुली आहेत त्यांनी. आणि मुला-मुलींनी स्वतःही यावं, कारण अर्ज त्यांचे आहेत. शलाकेसाठी दोन रंगांच्या चिठ्ठ्या आम्ही कापून ठेवल्या आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!