भाकरीवर मांडलेला हिशेब

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एमएसडब्ल्यू करताना मी टक्केवारीचे तक्ते काढायला शिकले. पर्वती पायथ्याच्या वस्तीत असा तक्ता भिंतीवर लावला, तर बायकांनी तो शांतपणे पाहिला आणि रेशनचा विषय काढला. पुढच्या वेळी मी शेंगदाणे नेले. यात माझे नवे काही नाही. चिंचोके, बिया मांडून गावाचा हिशेब करायची पद्धत १९९० च्या सुमारास आपल्याकडे रुजली. रॉबर्ट चेंबर्स यांनी तिच्यावर बरेच लिहिले आहे. (तांदूळ मात्र नेऊ नका, मोजता मोजता सांडतात.)

शंभर दाणे मांडले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत २०१५-१६ मध्ये ४८ जणींना रक्तक्षय होता. ४८ दाणे बाजूला काढले. २०१९-२१ मध्ये ५४. आणखी सहा काढले. सगळ्या गप्प. मग एक आजी म्हणाल्या, "पोरी, हे खायला देणार, का परत पिशवीत?" मला शरम वाटली. अंगात रक्त नसलेल्या बायांपुढे अन्न मांडायचे आणि उचलून न्यायचे! तेव्हापासून मांडलेले वाटून खायचे, हा नियम.

नंतर ज्वारीची भाकरी नेली. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बाईचे घरकाम दिवसाला २९९ मिनिटे, पुरुषाचे ९७. दोघांचे मिळून एक भाकरी धरली, तर पाऊण तिची, चतकोर त्याचा. मी चतकोर तोडताच एक जण उसळली, "आमच्याकडे कुठला चतकोर? हंडासुद्धा उचलत नाही!"

तिचेच बरोबर होते. ९७ मिनिटे ही त्या दिवशी काहीतरी घरकाम केलेल्या पुरुषांचीच सरासरी. सहा वर्षांवरच्या शंभर पुरुषांत असे २६, बायका ८१. हे मी वाचले होते, पण सांगितले नव्हते. मग चार पुरुषांचे चार चतकोर मांडले आणि तीन उचलले. २०२४ च्या पाहणीतही मिनिटे २८९ आणि ८८ च आहेत.

"ताटात मात्र उलटं," मागून कुणीतरी म्हणाले. त्यावर, म्हणजे शेवटी कोण जेवते आणि तेव्हा पातेल्यात काय उरते यावर, बैठक दीड तास चालली. माझी एक भाकरी पुरली नाही. पुढच्या बैठकीला दोघींनी आपापल्या घरून आणल्या, आणि तोडायलाही त्याच बसल्या.