गाळा भाड्याचा, पाटी आपली

दुकान थाटायचे म्हणजे आपल्याकडे आधी गाळा पाहतात. अनामत, भाडे, शटर, दिवाबत्ती. इंटरनेटवर दुकान काढणाऱ्यालाही हे चुकत नाही. तिथला गाळा म्हणजे कुणाच्या तरी अहोरात्र चालू असलेल्या संगणकातला एक कोपरा. तो भाड्याने देण्याच्या धंद्याला वेब होस्टिंग म्हणतात. मी कविता लिहिणारा माणूस, या धंद्याशी माझा काय संबंध, असे कुणी विचारील. पण यातल्या एका कंपनीचा जनक चित्रकार होता, म्हणून मी तिच्या वाटेला गेलो.

पॉल ग्रॅहम. अमेरिकेत संगणकशास्त्राची डॉक्टरेट घेतलेला, पण फ्लॉरेन्सला जाऊन चित्रकला शिकलेला. १९९५ साली मित्र रॉबर्ट मॉरिस याच्यासह त्याने चित्रदालनांना इंटरनेटवर आणायचे ठरवले. (हा मॉरिस म्हणजे १९८८ साली इंटरनेटवर पसरलेल्या त्या प्रसिद्ध ‘वर्म’चा कर्ता. त्यासाठी त्याला शिक्षाही झाली होती.) फुकट करून देतो म्हटले तरी दालनवाले फारसे तयार होईनात. चित्र विकणाऱ्यांना जे नको होते, ते सदरे विकणाऱ्यांना हवे होते. मग त्याच वर्षी निघाली ‘व्हायावेब’.

त्या काळी असे दुकान उघडायला जाणकार माणूस बसवावा लागे आणि किंमत बदलायची तरी त्याच्याच पाया पडावे लागे. व्हायावेबने आपले सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर ठेवले. दुकानदाराने घरून ब्राउझर उघडायचा आणि स्वतःच माल मांडायचा. चूक निघाली, तर दुरुस्तीही कंपनीच्या संगणकावरच होई. गिऱ्हाइकाकडे काही पाठवावे लागत नसे.

पहिली दुकाने मात्र या विद्वानांनी हाताने सजवून दिली. सदऱ्याचे चित्र छोटे असेल, तर अख्खा सदरा न दाखवता कॉलर जवळून दाखवावी, हे ग्रॅहम त्यात शिकला. आमच्याकडचा कुठलाही जुना कापडवाला हे त्याला चहा पाजून सांगता.

भाडे महिना १०० डॉलर, मोठ्या दुकानाला ३००. १९९६ अखेर सुमारे ७० दुकाने होती, १९९७ अखेर सुमारे ५००. आकडे लहान आहेत, पण १९९८ च्या जूनमध्ये याहूने सुमारे पाच कोटी डॉलरचे शेअर देऊन कंपनी घेतली. व्हायावेबचे ‘याहू स्टोअर’ झाले. वर्षभराने ग्रॅहम नोकरी सोडून पुन्हा चित्रे काढू लागला.

इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात. मला पुढचाच भाग महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचा भाग भाडेकरूंचा आहे.

१९९९ साली याहूने जिओसिटीजही विकत घेतली. तिथे लोकांनी फुकट घरे बांधली होती. कुणी आपल्या गावावर, कुणी मांजरांवर, कुणी कवितांवर पाने केली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली जिओसिटीज बंद झाली. काही हौशी मंडळींनी धावपळ करून जमेल तेवढी पाने उतरवून ठेवली, बाकीची गेली. भाडे देणारी दुकाने राहिली, फुकट राहणाऱ्यांची वस्ती उठली. मालक तोच होता.

दुकानदारांनाही स्वस्थता नव्हती. अलीबाबामधले शेअर वेगळे काढण्याच्या याहूच्या हिशेबात २०१५ साली या विभागाचे नाव ‘आबाको’ झाले. मग पुन्हा याहूचे नाव, आणि पुढे ‘टर्बिफाय’. दरम्यान खुद्द याहूचा इंटरनेटचा व्यवसाय २०१७ मध्ये व्हेरायझनकडे आणि २०२१ मध्ये अपोलो या गुंतवणूक कंपनीकडे गेला. सदरे विकणाऱ्याने यातले काही मागितले नव्हते.

अशा वेळी दुकान हलवायचे झाले तर सोबत काय येते? चित्रे आणि किंमती पुन्हा भरता येतात. पण ज्यांचा पत्ता ‘स्टोअर डॉट याहू डॉट कॉम’ आणि पुढे आपले नाव असा होता, त्यांचा पत्ता मालकाकडेच राहणार. ज्यांनी स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले होते, त्यांना पाटी उचलून दुसऱ्या गाळ्यावर लावता आली.

आपल्याकडेही लोणची-पापड विकणाऱ्या बायका, छोटे प्रकाशक, लॉजवाले यांच्या वेबसाइट भाच्याने किंवा ओळखीच्या मुलाने करून दिलेल्या असतात. डोमेनचे पैसे तो भरतो आणि नोंदही त्याच्याच नावावर राहते. दरवर्षी नूतनीकरणाची जी पावती येते, ती एकदा त्याच्याकडून मागून घ्या आणि तिच्यावर नाव कुणाचे आहे, ते पाहा.