मरळीचा गळ

मासे धरण्याच्या रीती पुष्कळ आहेत. कोणी ओढ्याला बांध घालतात, कोणी बांबूचे सापळे मांडतात, कोणी जाळी टाकतात. या सर्व रीतींत निवड थोडी आणि हाव फार. जाळ्यात लहान-मोठे, खाण्याजोगे आणि टाकाऊ, पोटात गाभोळी असलेले आणि नसलेले सगळेच वर येते. गळाची रीत निराळी आहे. गळाला एका वेळी एकच मासा लागतो आणि तो कोणत्या जागेचा, कोणत्या ऋतूतला व कोणत्या जातीचा असावा, हे बऱ्याच अंशी गळ टाकणाऱ्याच्या हाती असते. शुभवर्तमानांत मासेमारीचे जे प्रसंग आले आहेत, त्यांत गळ एकदाच येतो. मंदिराचा कर भरण्याची वेळ आली असता पेत्राला गळ टाकावयास सांगण्यात येते आणि पहिल्या माशाच्या तोंडी नाणे मिळेल असे आश्वासन दिले जाते. जेथे नेमका एक मासा हवा होता, तेथे जातिवंत कोळ्यालाही जाळे बाजूस ठेवावे लागले.

गळाचा छंद साहेबांनी आपल्याकडे आणला, असा एक समज आहे. तो खरा नाही. आयझॅक वॉल्टन याचा या विषयावरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १६५३ साली निघाला. त्यापूर्वी पाचशे वर्षे, बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यात ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात गळाने मासे धरण्याच्या करमणुकीचे वर्णन केले. माशांचे प्रकार, त्यांना एका जागी आणण्यासाठी घालावयाचे खाद्य, काठी आणि दोर या सर्वांचा विचार त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. बेळगावचा परिसर त्या काळी चालुक्यांच्याच साम्राज्यात होता. तेव्हा येथल्या तळ्याकाठी काठी घेऊन बसणारा माणूस परकी नक्कल करीत नाही. तो एका जुन्या देशी विद्येचा वारस आहे.

बेळगाव-निपाणीचा मुलूख पाण्याच्या बाबतीत भाग्यवान आहे. निपाणीच्या बाजूस वेदगंगा आणि दूधगंगा, संकेश्वराकडे हिरण्यकेशी, हिडकलला घटप्रभेचे धरण, बेळगावजवळ मार्कंडेय, खानापुराकडे मलप्रभा आणि शिवाय गावोगावची तळी. या पाण्यांत रोहू, कटला, चिलापी, वाम, शिंगाळा असे अनेक मासे आढळतात. परंतु गळ टाकणाऱ्याची खरी परीक्षा पाहणारा मासा म्हणजे मरळ. अमेरिकेतील हौशी मंडळींत ब्लॅक बास या माशाची जी प्रतिष्ठा आहे, तीच आपल्याकडे मरळीची. दोघांची कुळे भिन्न आहेत, पण स्वभाव एक. दोघेही गवताच्या आडोशाला दबा धरून बसतात आणि भक्ष्य टप्प्यात येताच त्यावर तुटून पडतात.

मरळीचे अंग गोल व लांबट, डोके सापासारखे चपटे आणि तोंडात तीक्ष्ण दात असतात. कल्ल्यांच्या जोडीला तिच्या डोक्यात वरची हवा घेण्याची स्वतंत्र सोय असते. म्हणूनच आटत चाललेल्या तळ्यातील ओल्या चिखलातही ती तग धरते आणि बाजारात टोपलीत बराच वेळ जिवंत दिसते. हीच सोय गळ टाकणाऱ्याला तिचा ठावठिकाणा सांगते. हवा घेण्यासाठी ती थोड्या थोड्या वेळाने वर येते. पाण्यावर एक लहानसा उमाळा उठतो, वर्तुळ पसरते आणि पुन्हा सारे शांत होते. ज्याला मरळ हवी आहे त्याने काठावर पोचताच काठी सोडू नये. प्रथम पाव तास स्वस्थ बसून पाणी पाहावे. लव्हाळ्याची कड, कमळाच्या पानांतील मोकळी जागा, पाण्यात पडलेल्या झाडाची सावली ही तिची घरे होत. पाऊल हलके टाकावे आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये.

आता साहित्याविषयी. साडेसहा-सात फुटांची, टोकाशी थोडी लवणारी पण बुडाशी ताठ अशी काठी आणि तिला जोडलेले मध्यम आकाराचे रीळ पुरेसे आहे. मरळ गळाला लागली की ती सरळ गवतात शिरते. तेथे दोर अडकला तर मासाही जातो आणि दोरही. म्हणून साधा बारीक तंगूस येथे उपयोगाचा नाही. दहा ते पंधरा किलो ताण सोसणारा विणलेला दोर घ्यावा. दातांनी तो कापला जाऊ नये यासाठी गळाच्या मागे वीतभर पोलादी तार लावावी. गळ अणकुचीदार हवा. नखावर टेकवला असता तो घसरता कामा नये. बोथट गळाने मोठा मासा निसटतो आणि दोष मात्र नशिबाला दिला जातो.

आमिष म्हणून पूर्वी जिवंत बेडूक लावीत. ती चाल सोडून द्यावी हे बरे. बेडूक पिकावरील किडे खातो, तो शेतकऱ्याचा मित्र आहे. आता रबराचे पोकळ बेडूक मिळतात. हा बासच्या पारध्यांकडून आलेला शोध मरळीला तंतोतंत लागू पडतो. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो गवतावरून न अडकता सरकतो. माशाने तोंड आवळले की रबर दबते आणि गळ उघडे पडतात. त्याच्या पोटात पाणी शिरले तर तो बुडतो. म्हणून अधूनमधून दाबून पाणी काढून टाकावे.

टाकण्याची कृती अशी. जेथे मरळीने हवा घेतली तेथे नेमका बेडूक आपटू नये; आवाजाने ती बुजते. त्या जागेच्या चार-सहा हात पलीकडे टाकावा आणि गवताच्या कडेकडेने थोडा ओढावा, थांबवावा, पुन्हा थोडा ओढावा. खरा बेडूक सतत पोहत नाही, तो मध्येच विसावतो. पुष्कळदा हल्ला त्या विसाव्याच्या क्षणीच होतो. पाणी उसळते आणि नवशिक्याचा हात त्याच क्षणी झटका देतो. बेडूक रिकामाच परत येतो. उसळी दिसली तरी मनात एक-दोन म्हणावे, काठीचे टोक खाली करावे आणि दोरावर वजन जाणवल्यावरच जोराने वर खेचावे. त्यानंतर मात्र ढिलाई नको. माशाचे डोके वर ठेवून त्याला गवताबाहेर आणावे.

ज्यांच्यापाशी रीळ नाही त्यांनी निराश होऊ नये. बांबूची काठी, तंगूस, बुचाचा तुकडा, चिमूटभर शिसे, लहान गळ आणि गांडूळ एवढ्यावर मुलांना चिलापी धरता येते. बूच थरथरू लागले तरी वाट पाहावी. ते एका बाजूस चालू लागले वा खाली गेले म्हणजे उचलावे. धीराचा हा पहिला धडा येथेच मिळतो.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि संध्याकाळी दिवस कलल्यावर मरळ भक्ष्याला निघते. माघ सरल्यापासून वळवाच्या पावसापर्यंत पाणी कमी आणि ऊबदार असते. हाच तिच्या पारधीचा योग्य काळ. मृगाचा पाऊस पडला म्हणजे चित्र बदलते. नर-मादी गवतात जागा साफ करून तरंगणारी अंडी घालतात. पिले बाहेर पडली की त्यांचा तांबूस-नारिंगी थवा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ फिरू लागतो आणि त्याच्या खाली आईबाप पहारा करीत राहतात. सुमारे महिनाभर ही राखण चालते. त्या थव्यावर काहीही पडले तरी मोठी मरळ धावून येते. तो भुकेचा घास नसतो, ती आपल्या पिलांसाठी केलेली झडप असते. अशा वेळी गळ टाकून मरळ काढणे हे काम सर्वांत सोपे आहे आणि सर्वांत हलकेही. एक मासा पिशवीत येतो आणि राखणदार गेल्यामुळे शेकडो पिले इतर माशांच्या व पक्ष्यांच्या तोंडी जातात. बासचा नरही आपल्या घरट्याची अशीच राखण करतो. म्हणून कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात आणि अमेरिकेच्या काही राज्यांत त्याच्या विणीच्या दिवसांत पारध बंद ठेवतात. आपल्याकडे शिपाई पाठवून प्रत्येक तळे राखणे शक्य नाही. येथे नियम गळ टाकणाऱ्याच्या मनातच असला पाहिजे.

सुरुंग आणि विष यांनी मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरले आहे. विजेच्या तारा पाण्यात सोडणारे माशांबरोबर माणसांचाही जीव धोक्यात घालतात. गावचे तळे ठेक्याने दिलेले असल्यास ठेकेदाराची परवानगी घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या राकसकोपसारख्या जलाशयावर परवानगीवाचून जाऊ नये. कृष्णेत मगरी आहेत, हे ध्यानात ठेवून काठावर बसावे. पावसाळ्यात नदीचा विश्वास धरू नये. २०१९ आणि २०२१ साली वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले होते. तुटलेला तंगूस काठावर टाकू नये, पाखरांचे पाय त्यात गुंततात. लहान मासा गळाला लागल्यास ओल्या हाताने धरून, गळ हलकेच सोडवून, पाण्यात सोडून द्यावा.

काठी, दोर आणि गळ पैसे देऊन विकत मिळतात. टाकण्याची कृती चार दिवसांत साधते. आषाढात तळ्यावर तो नारिंगी थवा दिसला असता दोर गुंडाळून घरी परतणे हे मात्र ज्याचे त्यालाच शिकावे लागते. जो तसा परततो, त्याच्यासाठी पुढच्या वर्षांच्या फाल्गुनांतही त्याच लव्हाळ्याच्या कडेला पाण्यावर उमाळा उठेल.