ऊन कोणाला, सावली कोणाला?



वाळवण म्हटले की कुरडया, सांडगे आणि बटाट्याचा कीस. ते मी तुम्हांस शिकवू गेले, तर तुम्ही हसाल! मला बोलावयाचे आहे ते मुख्यतः गाजराविषयी. संक्रांतीच्या सुमारास ते स्वस्त असते आणि आषाढात, भाजी महागते तेव्हा, मिळेनासे होते.

बटाट्याला आपले वऱ्हाडचे कडक ऊन मानवते. गाजराचे तसे नाही. त्याचा केशरी रंग म्हणजे कॅरोटीन. त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते व ते मुलांच्या डोळ्यांना फार लागते. उन्हात हा रंग उडतो, आणि रंगाबरोबर कॅरोटीनही जाते. समोरच्या मेजावर मी दोन बरण्या ठेवल्या आहेत. गाजरे एकाच ढिगातली. एक बरणी उन्हात वाळवलेल्यांची, दुसरी सावलीतल्यांची. जाताना अवश्य पाहा.

पातळ चकत्या करून उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवाव्या व लगेच गार पाण्यात टाकाव्या. चिरल्यावरही भाजीत रंग-चव बिघडवणारी जी क्रिया चालू राहते, ती या उकळीने थांबते. थोडे ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात जाते खरे. पण त्यासाठी लिंबू आहेच. मग निथळून, वर पातळ फडके घालून, वाऱ्याच्या सावलीत पसराव्या. माघ-फाल्गुनातला आपला कोरडा वारा यासाठी उत्तम. गाजरात शेकडा ८६ ते ८८ भाग पाणीच असते, तेव्हा किलोचे जेमतेम सव्वाशे ग्रॅम उरले म्हणून हिरमुसू नका.

महाशिवरात्रीच्या पांढऱ्या रताळ्यात हा रंग नसतो, त्यामुळे उकडून, सोलून, चकत्या खुशाल उन्हात घालाव्या. जपानात इबाराकी प्रांतात अशीच रताळी वाफवून वाळवतात व मुले ती खाऊ म्हणून चघळतात. ती मऊ ठेवलेली असल्याने लवकर संपवावी लागतात. साठवणीची मात्र कडकडीत हवीत. केशरी गराच्या रताळ्याला गाजराचाच नियम. आफ्रिकेत त्याचा प्रसार केल्याबद्दल मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा व जान लो यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार हॉवर्थ बुईस यांच्यासह मिळाला. रताळ्याला असा मान!

बटाट्याविषयी एकच सांगते. हिरवा पडलेला बटाटा किसात घालू नका. त्यातले विष उकडून, वाळवून वा तळून जात नाही.

बरणी भरल्यावर आठ दिवस रोज हलवून पाहावी. काचेला आतून दव दिसले, तर पुन्हा वाळवावे. बुरशीचा एक डाग दिसला, तरी सगळे टाकावे; वरचे काढून खालचे वापरू नये. बरणी अंधाऱ्या फडताळात ठेवावी, आणि गाजर वापरताना तासभर भिजवून वरणात घालावे, वर तेलाची फोडणी द्यावी. कॅरोटीन अंगी लागावयास थोडा स्निग्धांश लागतो.